कडू कुठवर टिकलं

पहिल्या दिवशी मॅडमनी मला "बस" म्हटलं नाही की माझे मार्क विचारले नाहीत. त्यांनी पोळीचा स्टीलचा डबा उघडला, ओल्या फडक्यातून एक लांबट हिरवं पान काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"चाव."

डोंबिवलीच्या त्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्रात पीएचडी करायला आले होते. मला वाटलं, पान ओळखायला दिलंय. मी ते उलटसुलट बघितलं आणि मोठ्या हुशारीने "किराईत" असं सांगितलं.

"ते मला माहीत आहे. मीच लावलंय. तू चाव. आणि थुंकायचं नाही."

किराईत ज्यांनी खाल्लंय त्यांना काही सांगायला नको आणि ज्यांनी खाल्लं नाही त्यांना सांगून कळणार नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कानशिलं गरम झाली, घसा आतून आवळल्यासारखा झाला. समोर मॅडमही एक पान चावत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर साधी सुरकुती नव्हती. मला वाटलं, इतक्या वर्षांची सवय. माझं पान संपलं तशा त्या म्हणाल्या, "आता घरी जा. कडू कुठवर टिकलं ते उद्या येऊन सांग."

मी ठाण्याला उतरून कोलशेतची बस धरली. कापूरबावडी गेली तेव्हा कुठे तोंड जागेवर आलं. दुसऱ्या दिवशी मी तसं सांगितलं. मॅडमनी कापडी पाठीचं एक लांबट रजिस्टर काढलं आणि माझ्या नावापुढे "कापूरबावडी" असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. वर माझ्याआधीच्या विद्यार्थ्यांची नावं होती. कुणापुढे "शहाड", कुणापुढे "मुंब्रा", आणि एका बिचाऱ्यापुढे "कॉलेजचं गेट". तो म्हणे महिन्याभरातच सोडून गेला.

"ज्याचं मोजायचं त्याची चव आधी आपल्या तोंडात हवी," मॅडम म्हणाल्या. मग मला बसायला खुर्ची मिळाली.

कॉलेजात मागून त्यांना सगळे किराईतबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं, कारण शिपायाने एकदा चुकून तोंडावर म्हटलं तेव्हा त्यांनी नुसतं "काय रे?" असं विचारलं होतं. उंची बेताची, आवाज खणखणीत, साडी कायम सुती आणि खांद्याला पिशवी. पिशवीत डबा, रजिस्टर, भिंग आणि एक मोजपट्टी. मोजपट्टी कशाला ते पहिल्याच आठवड्यात कळलं. मॅडमना मोजल्याशिवाय चैन पडत नसे. आपण सहज म्हणावं, "मॅडम, आज बाजारात काय गर्दी होती!" की आलाच प्रश्न, "मोजलीस की वाटली?" कँटीनचा समोसा लहान झालाय असं कुणी म्हटलं की पट्टी बाहेर. रिक्षावाल्याने "पाच मिनिटांत सोडतो" म्हटलं की घड्याळ लावून बसायच्या आणि उतरताना "साडेनऊ लागली हो," असं सांगून वर छान हसायच्या. एकदा वार्षिक समारंभात प्राचार्य माइकवरून म्हणाले, "इथे जमलेल्या माझ्या पाचशे विद्यार्थ्यांनो," आणि पहिल्या रांगेतून मॅडमचा आवाज आला, "तीनशे बारा." त्यानंतर त्यांना पहिल्या रांगेत कुणी बसवलं नाही. त्यांचं त्यावर म्हणणं एवढंच, की मागून मोजायला जास्त सोपं जातं.

हे वेड माझ्या घरातही शिरलं. आई मूठ-मूठ करून तांदूळ घेत होती तेव्हा मी तिला विचारलं, "मोजलेस की वाटले?" आई आमची कोलशेतची, जुन्या आगरी घरातली. तिने हातातली मूठ तशीच धरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ती मास्तरीन तं येडी हायच, तुला पन येडी केलान."

आम्ही मोजत तरी काय होतो, ते सांगायला हवं. झाडाच्या पेशीत हजारो जनुकं असतात. बरीचशी आपापलं काम करतात. कुणामुळे रंग होतो, कुणामुळे कडू रस. पण काही जनुकांचं काम म्हणजे इतरांना कामाला लावणं. पुस्तकात त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. मॅडम मुकादम म्हणत. मुकादमाने हाक मारली तर कामगार उठणार, नाहीतर झोपून राहणार. किराईत कडू होतं ते अशाच कुणा मुकादमाच्या हाकेने. या मुकादमांची घराणी असतात आणि प्रत्येक घराण्याची एक खूण असते. आमच्या घराण्याची खूण म्हणजे जनुकावरून बनणाऱ्या प्रथिनाच्या लांबलचक अक्षरमाळेत ओळीने येणारी चार अक्षरं, डब्ल्यू, आर, के, वाय. ही खूण ज्याच्या अंगावर तो त्या घराण्यातला. किराईतातले असे सगळे मुकादम हुडकायचे, मोजायचे, कोण कुणाचा सख्खा आणि कोण चुलत ते लावायचं, आणि कोण कधी हाक मारतो ते बघायचं, हा माझा पीएचडीचा विषय. जगात पुष्कळ लोक पुष्कळ झाडांवर हे काम करतात. झाडाचा सगळा जनुकीय मजकूर कुणीतरी वाचून इंटरनेटवर ठेवलेला असतो. संगणकाला सांगितलं की तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत यादी काढून देतो.

इतरांचं काम त्या यादीवर जवळजवळ संपायचं. मॅडमचं तिथून सुरू व्हायचं.

त्याला कारण जनगणना. कॉलेजात लागण्याआधी मॅडम काही वर्षं शाळेत शिकवत होत्या आणि तेव्हा त्यांना शहाडच्या बाजूला जनगणनेची ड्यूटी लागली होती. बाकीच्या शिक्षकांनी कपाळाला हात लावला. मॅडमना मात्र तो आयुष्यातला फार आनंदाचा काळ वाटे, आणि तो त्यांनी इतक्या वेळा सांगितला होता की शहाडच्या चाळींतली दारं मलाही पाठ झाली होती. दाराला कुलूप दिसलं की शेजारीपाजारी म्हणायचे, "कोणी राहत नाही हो बाई, लिहून टाका रिकामं." मॅडम लिहीत नसत. एकदा सकाळी जायच्या, मग संध्याकाळी, मग सुट्टीच्या दिवशी. अशाच एका कुलपाआड तिसऱ्या फेरीला त्यांना दोन भाऊ सापडले. दोघे रात्रपाळीला जाणारे, दिवसा कुणी उठवू नये म्हणून चाळीखालच्या चहावाल्याकडून बाहेरून कुलूप लावून घेऊन झोपणारे.

"दोन माणसं, अगं! धडधाकट दोन माणसं गळाली असती देशातून, माझ्या एका शब्दाने," हे सांगताना त्यांचा आवाज दर वेळी चढायचा. तेव्हापासून त्यांचा नियम झाला. तीन फेऱ्या, वेगवेगळ्या वेळी. त्याआधी "रिकामं" हा शब्द लिहायचा नाही, ना घरापुढे, ना जनुकापुढे.

माझी पहिली यादी मी मोठ्या दिमाखात नेऊन दिली होती. मॅडमनी पट्टी ठेवून ती ओळीने वाचली आणि म्हणाल्या, "तू चुली मोजल्यास." काही मुकादमांच्या अंगावर ती खूण दोनदा असते आणि मी खुणा मोजल्या होत्या, त्यामुळे एकच गृहस्थ यादीत दोनदा बसला होता. "जनगणनेत दोन चुली म्हणजे दोन कुटुंबं. ते तिथे. इथे उंबरठे मोजायचे," असं म्हणून त्यांनी मला चहा पाजला आणि मग सगळीच्या सगळी अक्षरं मोठ्याने वाचायला लावली. मी वाचत होते आणि त्या रजिस्टरमध्ये बरोबरच्या खुणा करत होत्या. तीन दिवस आमचं हे चाललं. शेजारच्या प्राणिशास्त्राच्या लोकांनी शेवटी दार लावून घेतलं.

असं करत सगळं घराणं रजिस्टरमध्ये आलं. प्रत्येकाला एक ओळ, एक क्रमांक. फक्त शेवटच्या ओळीपुढे मॅडमनी तांबड्या शाईत लिहिलं, "कुलूप".

त्या ओळीतल्या जनुकाची भानगड अशी, की त्याच्यावर खूण होती खरी, पण अर्धीच. मधला भाग इंटरनेटवरच्या मजकुरात तुटलेला होता. पुरा होता की मोडकाच होता, कळायला मार्ग नाही. त्याच सुमाराला एका मोठ्या संस्थेने याच झाडावरचा, याच घराण्यावरचा निबंध छापला. आमच्या आधी. मी दोन दिवस जेवले नाही. मॅडमनी तो निबंध पट्टी ठेवून वाचला आणि त्यांना एकच गोष्ट दिसली. त्या लोकांनी कुलूपवाल्याला घराण्यात धरलं होतं. त्यांचा आकडा आमच्यापेक्षा एकने जास्त होता.

"मॅडम, आपणही धरू या ना," मी म्हटलं. "आकडा जुळेल. कोण विचारणार आहे?"

"त्यांनी दार वाजवलं का? की नुसती पाटी वाचली?"

निबंधात दार वाजवल्याचा उल्लेख नव्हता. मग आम्ही वाजवायचं ठरलं. जनुक जिवंत असेल तर झाडाच्या कुठल्यातरी भागात ते बोलत असतं आणि त्याचा आवाज प्रयोगशाळेत पकडता येतो. मॅडमनी तीन फेऱ्या आखल्या. पहिली पानात, दुसरी मुळात, तिसरी कळीत. कुणी म्हणेल, आणखी दहा ठिकाणी का नाही बघितलं? म्हणायला हरकत नाही. पण तीन फेऱ्या हा आमचा शब्द होता. प्रत्येक फेरीच्या दिवशी त्या झाडाचं पान किंवा फूल चावून चवीचा रकानाही भरायचा, झाड तेच आहे ना याची खात्री म्हणून. तो रकाना मॅडम स्वतः कधी भरत नसत. मला विचारून भरत. "तुझी जीभ तरुण आहे," असं म्हणायच्या.

पानात तो बोलला नाही. मुळातही बोलला नाही. राहिली कळी. आणि कॉलेजच्या गच्चीवरच्या कुंड्यांत कळी धरेना, कारण आम्ही वर्षभर ती झाडं ओरबाडली होती.

इथे मला माझी गोष्ट सांगणं भाग आहे. मला एका औषध कंपनीत संशोधन विभागात नोकरी देऊ केली होती. अट एकच, दिवाळीआधी प्रबंध विद्यापीठात जमा झालेला हवा. आमच्या घरात जमिनी होत्या, गेलेल्या मिठागरांच्या गोष्टी होत्या, पण नावामागे डॉक्टर लावणारं कुणी नव्हतं. आईने ते सगळ्या आळीला आधीच सांगून ठेवलं होतं. आणि मी एका न उमलणाऱ्या कळीसाठी अडले होते. दोनदा नाही तर तिसऱ्यांदा काय असणार? मॅडमनी प्रत्येक विद्यार्थ्याला घरी लावायला किराईताची एक कुंडी दिलेली असे. मी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, "तिसरी फेरी. कळी, घरच्या कुंडीतली. रिकामं." चवीच्या रकान्यात लिहिलं, "कडू, कापूरबावडी."

एवढं लिहायला एक मिनिट लागलं असेल. मोजलं नाही.

मॅडमनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मला त्या चिडल्या असत्या तर चाललं असतं. "गच्चीवर एकालाही कळी नाही आणि तुझ्याकडे फुललं? खाडीचा वारा मानवला का गं त्याला? मला बघायचंय!" मी सतरा सबबी सांगितल्या. घरी रंगकाम आहे, पाहुणे आहेत, रस्ता खणलाय. मॅडमनी मान डोलावली आणि विषय तिथेच राहिला, असं मला वाटलं.

नवरात्रात एका सकाळी आमच्या दारात रिक्षा थांबली. मॅडमचं माहेर टेंभी नाक्याचं. दर वर्षी त्या तिथल्या देवीला जायच्या. या वर्षी तिथून तडक कोलशेतला आल्या होत्या. हातात प्रसादाचा पुडा, खांद्याला तीच पिशवी. मी आतल्या खोलीत होते. आईने दार उघडलं.

"तुमी आमच्या पोरीच्या मास्तरीनबाय ना? या, या, बसा."

"बसते हो. आधी तुमच्याकडचं किराईत दाखवा. कळ्या आल्यात म्हणे."

"कुंडीतला? तो तं मी गनपतीतच उपटला, बाय," आई म्हणाली. "हिच्या काकाला ताप आलता, काढा केला. कॉलेजचा हाय तो, मना काय ठाव?"

मी दारात येऊन उभी राहिले होते. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. हिशोब लागत नाही तेव्हा त्या जशा यादीकडे बघत तसं बघितलं. मग अगदी हळू आवाजात, वर्गात विचारायच्या तसंच विचारलं, "मोजलंस की वाटलं?"

"वाटलं," मी म्हटलं.

त्यांनी प्रसादाचा पुडा आईच्या हातात ठेवला. आईला यातलं काही कळलं नव्हतं, पण काहीतरी बिनसलंय हे कळलं. आपण कुंडी उपटली म्हणूनच बाई नाराज झाल्या असं समजून ती घाईघाईने म्हणाली, "तुमाला कल्याच पायजे ना? चला माझ्यासंगती. मागं बांधावर ढीग हाय."

घरामागे आमची थोडी पडीक जागा उरली आहे. तिच्या बांधावर, टॉवरच्या कुंपणाला लागून, खरंच किराईत माजलं होतं आणि त्याला बारीक पांढऱ्या-जांभळ्या कळ्या धरल्या होत्या. मी त्या घरात जन्मले, वाढले, किराईतावर पीएचडी करत होते, आणि मी त्या बांधावर कित्येक वर्षांत गेले नव्हते. मॅडम चिखलात साडी खोचून खाली बसल्या. भिंगातून कळी बघितली, पानांची मांडणी बघितली, खोडाचे चार कोन बोटाने चाचपले. मग एक पान तोंडात टाकलं आणि चावू लागल्या.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "बाय, तुमी तं चनं खाल्ल्यासारक्या खाता. कडू नाय लागत?"

"नाही लागत," मॅडम म्हणाल्या. "करोना झाला तेव्हापासून काहीच लागत नाही. म्हणून तर तुमच्या लेकीला विचारून लिहिते."

मी त्या क्षणी जिथे होते तिथे गाडली गेले असते तर बरं झालं असतं. पहिल्या दिवसापासूनचा तो कोरा चेहरा, "तुझी जीभ तरुण आहे" म्हणणं, सगळं एकदम समजलं. ज्या रकान्यात मी थाप मारली होती तो एकच रकाना त्यांना तपासता येत नव्हता. मी पान तोडून तोंडात टाकलं. "कडू आहे, मॅडम," मी म्हटलं. मला रडू फुटलं, आणि आईला वाटलं ते किराईतामुळेच.

कळ्या ताज्या असतानाच द्रावात बुडवून गार ठेवाव्या लागतात. द्रावाच्या कुप्या मॅडमच्या पिशवीत होत्या, बर्फ मात्र नव्हता. आईने मासळी आणायचा थर्माकोलचा डबा काढला, नाक्यावरच्या मासेवालीकडून बर्फ भरून आणला आणि वर फडकं बांधून दिलं. तो डबा मांडीवर घेऊन मी मॅडमबरोबर डोंबिवलीपर्यंत गेले. सगळ्या वाटेवर बोंबलाचा वास येत होता. मॅडमना तोही येत नसणार, हे मला मुंब्र्याजवळ सुचलं.

प्रयोगशाळेत त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढे ठेवलं. "ती ओळ खोड. एकच रेघ मार. खालचं वाचता आलं पाहिजे. आणि सही कर." मला आशा होती की त्या म्हणतील, जाऊ दे, मी बघते. तसं काही झालं नाही. "चूक तुझी आहे. ती मी कशाला घेऊ? तुझ्या नावावर राहू दे," त्या म्हणाल्या, आणि मग चहा मागवला.

निकाल यायला वेळ लागला. कंपनीला मी कळवलं की दिवाळीआधी जमणार नाही. त्यांनी दुसऱ्या कुणाला घेतलं. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. घरी सांगितल्यावर आई दोन दिवस आळीत फिरकली नाही. आणि निकाल काय आला? कळीतही तो बोलला नाही. मधला तुटलेला भाग आम्ही बांधावरच्या झाडातून वाचून काढला. तो मोडकाच होता, बोलण्याजोगा नव्हताच. मी खोडलेल्या ओळीखाली पुन्हा तोच शब्द लिहिला, "रिकामं".

"म्हणजे माझं उत्तर बरोबरच होतं," मी चाचरत म्हटलं.

"बरोबर होतं," मॅडम म्हणाल्या. "पण तेव्हा ते उत्तर नव्हतं."

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले, मोठे नावाजलेले, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी पहिलाच प्रश्न तो टाकला. "छापून आलेल्या आकड्यापेक्षा तुमचा एकने कमी कसा?" मी रजिस्टरच्या पानाचा फोटो पडद्यावर लावला. ते वाकून बघू लागले. "हा शब्द खोडलाय आणि खाली पुन्हा तोच लिहिलाय. हे काय?"

गाइडने मध्ये बोलायचं नसतं. मॅडम मागच्या रांगेत होत्या, बहुधा माणसं मोजत. मी सगळं सांगितलं. थाप सांगितली, नवरात्र सांगितलं, बांध सांगितला, मासळीचा डबा सांगितला. आई तिसऱ्या रांगेत नव्या साडीत बसली होती. तिने पदर तोंडाला लावला. परीक्षकांनी पडद्यावरची ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "ते पान आहे का इथे?" मागून स्टीलच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. भर सभागृहात त्या थोर माणसाने किराईत चावलं, डोळे पुसले, पाणी मागितलं आणि डबा घेऊन पुढे आलेल्या मॅडमनी पाण्याची बाटली मागे ओढून घेतली. माझ्या नावामागे डॉक्टर लागलं ते त्या पंधरा मिनिटांत. मला आजही त्या दिवसाचा, त्या पडद्यावरच्या खोडलेल्या ओळीचा अभिमान वाटतो.

पुढच्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या आणि त्याच कॉलेजात मी शिकवायला लागले. जाताना त्यांनी रजिस्टर माझ्या हवाली केलं. मी ते पहिल्यापासून वाचायला घेतलं. पहिल्या पानावर पहिलं नाव त्यांचं स्वतःचं होतं, लग्नाआधीचं, आणि पुढे लिहिलं होतं, "टेंभी नाका". अगदी शेवटच्या पानावर, जिथे कुणी सहसा बघत नाही, पुन्हा त्यांचं नाव होतं. पुढे तांबड्या शाईत, "कुलूप". खाली, "पहिली फेरी. लागलं नाही." त्याखाली सहा महिन्यांनंतरची तारीख घालून, "दुसरी फेरी. लागलं नाही." आणि त्याखाली नुसतं "तिसरी फेरी", पुढे कोरं.

मी बांधावरून पानं तोडली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि डोंबिवलीला मॅडमच्या घरी गेले. त्या गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. मी टेबलावर रजिस्टर ठेवलं, शेवटचं पान उघडलं आणि डबा पुढे सरकवला. त्यांनी पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तेवढं एक राहू दे की गं," त्या म्हणाल्या. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "पानं चावतेच गं, पण घड्याळ लावून, फेरी म्हणून दोनदाच गेले. तिसऱ्यांदा जायचं धाडस होईना. जात नाही तोवर निदान कुलूप तरी म्हणता येतं."

मी डबा मागे घेतला नाही. थोड्या वेळाने त्यांनीच हात पुढे केला, पान घेतलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि चावायला सुरुवात केली. डोळे मिटून घेतले. खाली भाजीवाला ओरडत गेला. शेजारी कुणाचा तरी कुकर वाजला. मी त्यांच्या कपाळाकडे बघत होते, एखादी आठी पडते का म्हणून. इतकी वाट मी कुठल्याच निकालाची बघितली नव्हती.

त्यांनी डोळे उघडले. "पाच मिनिटं झाली. लिही."

"काय लिहू, मॅडम?"

"रिकामं." आवाज पुन्हा पहिल्यासारखा खणखणीत होता. "आजची तारीख घाल. आणि तूही सही कर, तू समोर होतीस."

हाच शब्द मी याच रजिस्टरमध्ये एकदा खोटा लिहिला होता. आता त्यांच्या नावापुढे तो खरा लिहिला, सावकाश, सुवाच्य अक्षरात, आणि खाली सही केली. आयुष्यभर लोकांची कुलपं वाजवत फिरलेल्या माझ्या बाईंनी शेवटी स्वतःचंही दार तीनदा वाजवलं होतं. मला रडायला यायला हवं होतं. पण छाती अभिमानाने इतकी भरून आली होती की रडायला जागाच नव्हती.

"आता तू चाव," मॅडम डबा माझ्याकडे ढकलत म्हणाल्या. "आणि कुठवर टिकतंय ते मला कळव. उद्या नको. आजच."

मी ठाण्याला उतरले, बस धरली. कापूरबावडी आली आणि गेली. तोंड तसंच कडू होतं. पुढचे थांबे गेले, खाडीचा वारा लागला, आमची आळी आली, तरी कडूच. दारात चपला काढायच्या आधी मी फोन लावला.

"मॅडम, कोलशेत."

पलीकडे पेनचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

"मोजलंस ना?"

"मोजलं, मॅडम."